अण्णाच्या रक्तातून मेंदूच्या पेशी बनवणार म्हणतात. रक्त द्यावं का?

तुम्ही खानापूर तालुक्यातून विचारलंय. थोरल्या भावाला, म्हणजे अण्णाला, बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल नैराश्य येणारा मानसिक आजार, आणि त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. आत्यालाही तसंच होतं. आता बेंगळूरला दाखवायला नेलं तर तिथल्या संशोधकांनी अण्णाचं आणि तुमचंही रक्त मागितलं, त्यातून मेंदूच्या पेशी तयार करून तपासणार म्हणाले. हे खरं असतं का, अण्णाला त्याचा उपयोग काय, तुमच्या मुलांचं भविष्य त्यातून कळेल का, आणि मी ठणठणीत असताना माझं रक्त कशाला, असे तुमचे प्रश्न.

मी बेळगावची, वडगावची. मराठी शाळेत शिकले आणि आता बरीच वर्षं बेंगळूरला एका प्रयोगशाळेत हेच काम करते. मानसोपचारतज्ज्ञ नाही, म्हणून अण्णाच्या गोळ्यांबद्दल त्याच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. बाकी पेशींबद्दल मनापासून सांगते.

खरं असतं. २००६ साली जपानमध्ये क्योटो विद्यापीठात शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत फक्त चार जनुकं घातली आणि त्या पेशी पुन्हा गर्भातल्या अगदी सुरुवातीच्या पेशींसारख्या झाल्या. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवर ते जमलं, आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशा पेशीला मूलपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. तिच्यातून हृदयाची पेशी करता येते, यकृताची करता येते आणि मेंदूचीही.

मानसिक आजारांच्या अभ्यासात याचं मोल फार मोठं आहे. यकृत बिघडलं तर त्याचा बारीकसा तुकडा काढून तपासता येतो. अण्णाच्या मेंदूचा तुकडा कोण काढणार? आधीच्या संशोधकांच्या हाती मृत्यूनंतर दान मिळालेले मेंदू होते, पण त्यांच्यावर आजाराची आणि औषधांची वर्षानुवर्षांची छाप असायची. कशाने काय झालं हे वेगळं काढायचं कसं? दुसरा आधार उंदरांचा, आणि उंदराला अण्णासारखा उन्माद येतो असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

आता रक्त दिल्यावर काय होतं ते. त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांच्यात ती जनुकं सोडतात, आणि काही आठवड्यांनी डिशमध्ये मूलपेशींचे छोटे पुंजके दिसू लागतात. त्यांची गुणसूत्रं नीट आहेत ना हे तपासायचं, मग ठरावीक क्रमाने रसायनं देत त्यांना न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या संदेश वाहणाऱ्या पेशी, होण्याच्या वाटेवर न्यायचं. यात महिने जातात. २०१३ मध्ये अमेरिकेत टॉमस सूडॉफ यांच्या प्रयोगशाळेने एकच जनुक चालू करून दोन आठवड्यांच्या आत न्यूरॉन मिळवण्याची रीत दाखवली, तीही आता सर्रास वापरतात. ३७ अंशांच्या पेटीत या पेशी राहतात आणि त्यांचं पोषक द्रव वेळच्या वेळी बदलावं लागतं. गणपती असोत की दिवाळी, कुणीतरी जावंच लागतं. हळूहळू पेशींना धागे फुटतात, धागे एकमेकांना जोडले जातात. मग केसापेक्षा बारीक टोकाची काचेची नळी एका पेशीला लावली की पडद्यावर विजेचे ठोके दिसू लागतात. ज्याचं रक्त, त्याचीच सगळी जनुकं त्या पेशीत असतात. हे बघताना मला आजही भरून येतं.

तुमच्या घराशी सर्वात जवळचा अभ्यास लिथियमचाच आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावर लिथियमचा गुण दाखवला. तेव्हापासूनचं कोडं असं की काहींना ते अगदी लागू पडतं, काहींना काहीच फरक पडत नाही, आणि कुणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. गोळ्या चालू करायच्या आणि महिनोन् महिने वाट बघायची. त्या काळात घर कसं पिळून निघतं हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमधल्या फ्रेड गेज यांच्या गटाने सहा बायपोलर रुग्ण आणि चार निरोगी माणसं यांच्या पेशींतून न्यूरॉन तयार केले, स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातल्या न्यूरॉनसारखे. रुग्णांचे न्यूरॉन प्रमाणाबाहेर उत्तेजित होत होते, सारखे ठोके देत होते. डिशमध्ये लिथियम घातल्यावर काही शांत झाले, काही नाही. शांत झालेले न्यूरॉन नेमके त्याच रुग्णांचे होते ज्यांना प्रत्यक्षात लिथियमने गुण आला होता. रुग्णाच्या अंगी जे दिसलं होतं तेच डिशमध्ये उतरलं. माणसं थोडी होती, म्हणून यावरून उद्या दवाखान्यात चाचणी सुरू होईल असं समजू नका. पण वाट आहे हे कळलं.

मग तुमचं रक्त कशाला? मला विचाराल तर ते अण्णाच्या रक्ताइतकंच मोलाचं आहे. २०२५ च्या जानेवारीत 'नेचर' या नियतकालिकात बायपोलरचा एक प्रचंड अभ्यास आला. १,५८,०३६ रुग्णांच्या जनुकांची लाखो इतर लोकांशी तुलना केली, तेव्हा जनुकसंचात आजाराशी संबंध असलेल्या २९८ जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम अगदी किंचित. ती जागा पेशीत नेमकं काय बिघडवते हे अशा आकडेमोडीतून कळत नाही, ते न्यूरॉनला विचारावं लागतं. शिवाय अशा अभ्यासांत बहुतेक लोक युरोपीय वंशाचे असतात, आपल्याकडचे फार थोडे. आता दोन अनोळखी माणसांचे न्यूरॉन शेजारी ठेवले तर त्यांच्यात लाखो ठिकाणी फरक असतात, त्यातला आजाराचा कुठला? सख्ख्या भावंडांत निम्म्याच्या आसपास वारसा एकच असतो. एक आजारी आणि एक निरोगी अशी जोडी मिळाली की शोधायचं रान खूप लहान होतं. तुम्हाला काय सांभाळून घेतंय, हाही तितकाच मोठा प्रश्न आहे. बेंगळूरमध्ये निम्हान्स हे मानसिक आजारांचं मोठं सरकारी रुग्णालय आणि एनसीबीएस व इनस्टेम या जीवशास्त्राच्या संशोधन संस्था यांनी मिळून असाच प्रकल्प उभा केला, एकाच घरात अनेकांना मानसिक आजार असलेल्या कुटुंबांचा. त्यात बायपोलर आहे, स्किझोफ्रेनिया, ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार), व्यसनाधीनता आणि स्मृतिभ्रंशही आहे. तुमच्याकडे रक्त मागणारे तेच आहेत की दुसरे, हे विचारून घ्या.

मुलांबद्दल मात्र यातून काही कळणार नाही. कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. सर्वसाधारण लोकांत बायपोलर शंभरात एक-दोघांना होतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला असेल तर शंभरात साधारण पाच ते दहा. म्हणजे अशा घरांतलीही बहुतेक माणसं बायपोलरपासून दूरच राहतात, आणि तुमची मुलं तर अण्णाची पुतणी, नातं आणखी एक पायरी लांबचं. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांतही एकाला असून दुसऱ्याला नाही, असं पुष्कळदा होतं. तुम्ही शेवटी लिहिलंय की 'यांच्या घराण्यातच आहे' म्हणून बहिणीची सोयरीक मोडली. वाचून वाईट वाटलं. ज्या सोयऱ्यांनी मोडली त्यांच्या चुलत्या-मामांत मधुमेह निघाला असता तर कुणी बैठकीतून उठलं असतं का? तोही वारशाने चालतोच की.

डिशमध्ये काय दिसत नाही हेही समजून घ्या. या पेशी जन्माआधीच्या मेंदूतल्या पेशींसारख्या कोवळ्या असतात, रक्त अण्णाच्या चाळिशीतलं असलं तरी. तुमच्याकडे भात आहे म्हणून सांगते: तरव्यातलं रोप बघून बियाणाचा अंदाज येतो, पण रोप लावणीनंतर पाऊस किती लागला, खोडकिडा कधी पडला, हे तरव्यात कसं दिसणार? अण्णाची झोप, त्याच्यावरचं कर्ज, वडील गेल्यावर त्याने सोसलेलं, यातलं काहीही डिशमध्ये येत नाही.

अण्णाला स्वतःला याचा थेट फायदा नाही. त्याची गोळी यामुळे बदलणार नाही. तरीही मी म्हणेन, द्या. फक्त सहीआधी काही गोष्टी पक्क्या करा.

अण्णाच्या रक्तासाठी होकार अण्णाचा हवा, तुमचा नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही संशोधनासाठी रुग्णाची स्वतःची, समजून दिलेली संमती मागितली आहे. म्हणून तो स्थिर असतानाच विषय काढा, आणि तो नको म्हणाला तर तिथंच थांबा. त्याच्या उपचारावर या नकाराचा परिणाम होता कामा नये. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत पुढे केलं तर बिनधास्त सांगा की आम्हाला मराठीत समजावून द्या. आपल्याकडची माणसं कन्नड बोलतात, बाजार करतात, पण कागदावरचं अवघड कन्नड सगळ्यांना वाचता येत नाही, आणि लाजेपोटी सही करून मोकळी होतात. समजेल त्या भाषेत सांगणं हे त्यांचं काम आहे. पेशी किती वर्षं ठेवणार ते विचारा, कारण मूलपेशी गोठवून ठेवल्या की माणसाच्या आयुष्याहून जास्त टिकू शकतात. दुसऱ्या प्रयोगशाळेला किंवा परदेशात देणार का? नावाऐवजी नुसता क्रमांक राहणार ना? पुढे मन बदललं तर माघार घेता येईल ना, आणि तोवर तयार झालेल्या पेशींचं काय करणार?

लिथियम चालू आहे म्हणून एक जाता जाता. उन्हातान्हात घाम गाळून पाणी कमी पडलं, किंवा अंगदुखीवर दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणून घेतली, तर रक्तातलं लिथियम धोक्याइतकं वाढू शकतं. हात जास्त थरथरले, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल जायला लागला तर लगेच डॉक्टर गाठा. रक्ताची तपासणी चुकवू नका. बेंगळूर लांब पडतं, तर नेहमीच्या तपासण्यांसाठी धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय जवळ आहे. आणि रात्री-अपरात्री वहिनींना कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

हे सगळं ऐकून कुणी ओळखीचा म्हणेल की अमक्या शहरात स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन डोकं बरं करतात. मानसिक आजारावर स्टेम सेलचा मान्यताप्राप्त उपचार आज भारतात नाही. तुमच्याकडे रक्त मागतायत ते अभ्यासासाठी, अण्णाच्या अंगात काही सोडण्यासाठी नव्हे. अशा अभ्यासात रक्त देणाऱ्याला पैसे भरावे लागत नाहीत. कुणी मागितले तर तिथून उठून या.