कावीची नक्षी टी-शर्टवर

प्रश्न : काकी, मी ग्राफिक डिझाइन शिकले आहे. मोरजीला मोरजाईच्या देवळात भिंतीच्या गिलाव्यावर कोरलेलं कावीकाम पाहिलं आणि तेव्हापासून त्या तांबड्या-पांढऱ्या नक्षीचे टी-शर्ट, पिशव्या काढायचं डोक्यात घेतलंय. आमच्या गावच्या देवळातही एका भिंतीवर कावी आहे. पण यंदा जीर्णोद्धारात ती भिंत पाडणार. समितीची माणसं म्हणतात, ‘फोटो काढून ठेव, तुझ्या कपड्यांवर राहील की ती.’ असं केलं तर कावी जपली म्हणायची का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही, बाय. टी-शर्ट अवश्य काढ, पण भिंत पाडायला ते निमित्त होऊ देऊ नकोस.

मी जुन्या घरांच्या चुन्याच्या गिलाव्याची कामं करते, म्हणून आधी भिंतीचंच सांगते. शिंपले भाजून केलेला चुना, रेती आणि गूळ एकत्र कुटायचं, दिवसचे दिवस मुरवायचं. त्या पांढऱ्या गिलाव्यावर काव, म्हणजे आपल्याकडची तांबडी माती, मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर द्यायचा, तो घोटायचा आणि ओला आहे तोवर टोकदार लोखंडाने कोरायचं. तांबडं खरवडलं की खालचं पांढरं उघडं पडतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत दगडासारखा घट्ट होत जातो, त्यामुळे दिवसभरात कोरून होईल तेवढाच थर द्यायचा. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गोव्यात ही चित्रं पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. तिच्यावर ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते, थर फुगतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. असं सुटलेलं कमळ हातात येतं तेव्हा जीव तुटतो माझा.

हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवता येत नाही. तुझ्या पडद्यावर नक्षी येईल. चुना किती ओला असताना हात चालवायचा, हे तिथे कळणार नाही. तेव्हा फळीवर का होईना, चुन्याचा थर देऊन एक साधी वेल कोरून बघ. सागर नाईक मुळे यांच्यासारखे गोव्यातले कलाकार आज कावी करताहेत, त्यांचं काम जवळून पाहा. त्यानंतर तू काढशील ती रेघ वेगळी असेल.

फोटोंना मी कमी लेखत नाही. कर्नाटकातल्या होन्नावरचे कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी किनाऱ्यावरच्या देवळांतली कावी अभ्यासली, तिची नोंद केली, म्हणून आपल्याला आज तिच्याविषयी एवढं बोलता येतं. पण तू मोबाइलवर चार फोटो काढून थांबू नकोस. शेजारी मोजपट्टी धर, बाजूने तिरपा उजेड टाक म्हणजे कोरीव रेघेची खोली दिसेल. पारदर्शक कागद लावून मूळ मापाची नक्षी उतरवून घे. थर आधीच सुटत असेल तर कागद मात्र टेकवू नकोस. आणि गावात कोण म्हातारं माणूस ‘ही माझ्या आजोबांनी केली’ म्हणतं का, ते विचार. नाव मिळालं तर टी-शर्टच्या लेबलवर गावाच्या आणि देवळाच्या नावासोबत तेही छाप. निनावी ‘गोवन डिझाइन’ म्हणून विकलेलं मला पटत नाही.

राहिली समिती. त्यांच्यावर चिडू नकोस. गळकं देऊळ नीट व्हावं, चार माणसांना बसायला जागा व्हावी, ही त्यांची इच्छा रास्तच आहे. नवा सभामंडप पुढे बांधून कावीची तेवढी भिंत राखता येईल का, एवढंच विचार. चुन्याची डागडुजी जाणणाऱ्या माणसाकडून लेखी अंदाजपत्रक घेऊन जा, कारण बैठकीत पहिला प्रश्न खर्चाचाच येतो. भिंत पाडायचा ठराव अजून झाला नसेल तर याच आठवड्यात त्यांना भेट.