एका ओळीला बेरीज शून्य. आता पीएचपी सोडू का?

पत्र : मी साताऱ्यात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपच्या मुलाखतीत पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत बिलाचा फॉर्म करायला दिला होता : वस्तू, नग, दर, जीएसटीची टिक आणि 'ओळ वाढवा' बटण. तीन ओळींना बेरीज बरोबर यायची, एकच ओळ ठेवली की शून्य. टिकही भलत्याच वस्तूला लागत होती. निवड झाली नाही. मित्र म्हणतात, पीएचपी जुनं झालं, डेटा सायन्सचा क्लास लाव. फी साठ हजार. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. काय करू?

उत्तर : कर्जाचं तूर्त राहू दे, असं बाबांना सांग. तुझ्या दोन्ही चुका फॉर्म कसा वागतो ते माहीत नसल्याच्या आहेत. भाषा बदलून त्या जाणार नाहीत.

दराच्या फील्डला, म्हणजे भरायच्या रकान्याला, रेट[] असं नाव दिलं असशील, ते बरोबरच. त्या रिकाम्या चौकटी कंसावरून पीएचपी अ‍ॅरे, म्हणजे यादी, करतं. कंस नसता तर शेवटच्या ओळीचाच दर हाती आला असता. पण ही सोय पीएचपीची, म्हणजे सर्व्हरवरची. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या लेखी ते कंस म्हणजे नावातलीच दोन अक्षरं. फॉर्मच्या एलिमेंट्समधून त्या नावाने मागितलंस, की फील्ड अनेक असतील तर यादी मिळते. एकच असेल तर थेट ते फील्डच. त्याला लेंग्थ, म्हणजे यादीची लांबी, नसते, एकेक ओळ मिळवत जाणारा लूप एकदाही फिरत नाही, बेरीज शून्यावर बसून राहते आणि ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या कन्सोलमध्ये एररही दिसत नाही. त्याऐवजी जावास्क्रिप्टचं क्वेरीसिलेक्टरऑल वापर. एक असो की शंभर, ते यादीच देतं.

टिकेचं वेगळं. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीला टिक केलीस तर दर तीन जातात, टिका दोनच. मग तिसरीचा जीएसटी दुसरीला लागणारच. म्हणून कंस रिकामा न ठेवता ओळीचा क्रमांक घाल : रेट[२], जीएसटी[२]. मधली ओळ काढून टाकली तरी जोडी तुटत नाही. सर्व्हरवर मात्र फॉरईच (आलेल्या तेवढ्याच ओळी घेणारा लूप) लावून फिर, कारण मधले क्रमांक गळालेले असतील.

पीएचपी जुनं आहे, खरं. पण वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस त्यावर चालतं, लॅरॅव्हलसारखा तयार सांगाडा त्यावर उभा आहे, आणि छोट्या कंपन्यांकडे येणारं काम बरंचसं फॉर्मांचंच असतं : बिलं, फी, गुणनोंदणी. साठ मुलं आणि प्रत्येकी वीस रकाने म्हटले की १२०० फील्ड झाली. एका वेळी किती फील्ड घ्यायची याची पीएचपीची मॅक्स इनपुट व्हार्स ही मर्यादा मुळात १००० ची. पुढचे गुण गळतात आणि शिक्षक म्हणतात, 'मी तर भरले होते!' हे कुठे शोधायचं ते ठाऊक असलेला मुलगा मला क्लासच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त कामाचा वाटतो.

डेटा सायन्सची खरंच ओढ असेल तर संख्याशास्त्राचे पेपर कसे गेले ते कळव; पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही. मित्र म्हणतात म्हणून साठ हजार घालू नकोस.

मुलाखत घेणाऱ्यांचा ईमेल असेलच. फॉर्म दुरुस्त कर, काय चुकलं होतं ते चार ओळींत लिही आणि पाठव. उत्तर आलं नाही, तर पुढच्या मुलाखतीला तोच फॉर्म लॅपटॉपवर घेऊन जा आणि दाखवताना आधी एकच ओळ भर.