उद्यानाच्या दारात विचारलेले प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे राष्ट्रीय उद्यानांत येणाऱ्या पर्यटकांच्या पाहणीविषयी आहेत. त्यांतील शंका एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना आम्ही यूटा राज्यातील आर्चेस राष्ट्रीय उद्यान पाहिले. आत शिरताच एका तरुणीने गाडी थांबवून आम्ही किती जण आहोत, कोठून आलो, उत्तरे कोण लिहील आणि त्याचे वय काय, एवढे विचारले. मग छापील प्रश्नावली आणि पोस्टाचे तिकीट लावलेले पाकीट हाती दिले व मुलाचा पत्ता लिहून घेतला. प्रश्नावलीत शिक्षण, उत्पन्न, वंश यांविषयीही प्रश्न होते. आम्ही ती बाजूला ठेवली, तर दोन आठवड्यांनी आठवण करून देणारे कार्ड घरी आले. आयुष्यात एकदाच तेथे जाणाऱ्या माझ्यासारख्या परदेशी माणसाच्या मताचे त्यांना काय करायचे असते?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : तुमची गाडी थांबवली गेली त्यात तुमच्या परदेशी असण्याचा काही संबंध नसावा. अशा पाहणीत दर अमुकावी गाडी थांबवायची असे आधीच ठरलेले असते आणि त्या मोजणीत तुमची गाडी आली. पाहणी करणाऱ्याने स्वतःच्या मनाने माणसे निवडली, तर तो नकळत हसतमुख, निवांत आणि आपल्या भाषेत बोलणारी माणसे निवडतो, आणि मग निष्कर्ष उद्यानात आलेल्या सगळ्या लोकांविषयी न राहता केवळ तेवढ्याच माणसांविषयी उरतात. त्यामुळे एकदाच येणारा परदेशी पाहुणा जर खरोखरच तेथे येत असेल, तर तो नमुन्यात, म्हणजे विचारण्यासाठी निवडलेल्या लोकांत, आलाच पाहिजे. माहितीफलक त्याला कळला का, पाण्याची सोय कोठे आहे हे त्याला वेळेवर समजले का, हे त्या भागात दर आठवड्याला येणारा माणूस सांगू शकणार नाही, कारण त्याला ते सगळे पाठ झालेले असते.

या पद्धतीला आता चार दशकांहून अधिक काळ झाला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेसाठी आयडाहो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गॅरी मॅक्लिस यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये ग्रँड टीटन येथे पहिला प्रयोग झाला आणि पुढे तीच रीत उद्यानामागून उद्यानात वापरली गेली. दारात दोन मिनिटांची भेट, घरी नेण्याची प्रश्नावली, दोन आठवड्यांनी आठवणीचे कार्ड आणि तरीही उत्तर न आल्यास नवी प्रश्नावली, हा क्रम पुढे रूढ झाला. तुम्हाला आलेले कार्ड हा तगादा नव्हता. ज्यांना फार आवडले किंवा ज्यांचा फार संताप झाला ते लगेच लिहितात. मधली मोठी संख्या मात्र विसरून जाते आणि तिला आठवण करून दिली नाही, तर दोन्ही टोकांचीच मते हाती येतात. दारात विचारलेल्या त्या तीन-चार साध्या प्रश्नांचाही हाच उपयोग असतो. ज्यांनी प्रश्नावली परत पाठवली आणि ज्यांनी पाठवली नाही, अशा दोघांचेही वय आणि गटातील माणसांची संख्या त्यामुळे माहीत असते, आणि न लिहिणारे लोक वेगळ्याच वयाचे होते का, हे ताडून पाहता येते.

वंश आणि उत्पन्न यांविषयीचे प्रश्न आपल्याला खटकतात हे खरे आहे. पण सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या जागेत कोण येते आणि कोण येत नाही, हे अन्य मार्गाने कळत नाही. कायद्याने तुम्हाला संरक्षणही आहे. दहा किंवा त्याहून अधिक लोकांना ठरावीक प्रश्न विचारायचे झाल्यास अमेरिकेतील संघीय खात्याला १९८० च्या कागदपत्र-कपात कायद्यानुसार आधी मंजुरी घ्यावी लागते आणि मंजुरीचा क्रमांक प्रश्नावलीवर छापावा लागतो. उत्तर देणे न देणे तुमच्या इच्छेवर असते. पत्ता केवळ ते कार्ड आणि लागल्यास नवी प्रश्नावली पाठवण्यासाठी असतो. उत्तरांशी नाव जोडले जात नाही. प्रश्नावली अजून घरात असेल आणि पाकिटावरची मुदत उलटली नसेल, तर माझा आग्रह आहे की ती भरून पाठवावी.

प्रश्न : पर्यटकांना विचारले तर ते रुंद रस्ता, उपाहारगृह आणि प्राणी हमखास दिसतील अशी व्यवस्थाच मागणार. मग जंगल सांभाळणाऱ्यांनी त्यांना विचारावेच कशाला?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची भीती रास्त आहे, पण तिचे मूळ पाहणीला मतदान समजण्यात आहे. १९१६ च्या ज्या कायद्याने अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली, त्यात लोकांनी उद्यानांचा आनंद घ्यावा आणि पुढच्या पिढ्यांसाठी ती अबाधित राहावीत, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वाक्यात आहेत. बहुसंख्य पर्यटकांनी मागणी केली म्हणून दुसरे कर्तव्य रद्द होत नाही. पाहणीतून व्यवस्थापनाला आज्ञा मिळत नसते. मिळते ती माहिती, आणि ती चांगली मिळावी यासाठी ‘तुम्हाला काय हवे?’ हा प्रश्न शक्यतो टाळावा लागतो. तुम्ही कोठे गेलात, किती वेळ थांबलात, काय सापडले नाही, कोठे परत फिरावेसे वाटले, हे विचारलेले अधिक उपयोगी पडते.

याचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण पहिल्या पत्रात आलेल्या आर्चेस उद्यानातच घडले. प्रत्येक उद्यानाच्या आराखड्यात पर्यटकांची धारणक्षमता, म्हणजे जागा न बिघडता तेथे किती लोक सामावू शकतात, हे ठरवलेले असले पाहिजे, अशी तरतूद अमेरिकेत १९७८ मध्ये कायद्याने केली. आता ही क्षमता मोजायची कशी? लोकांना थेट ‘किती गर्दी चालेल?’ असे विचारले तर उत्तराला काही आकार येत नाही. म्हणून १९९० च्या दशकात तेथे ‘डेलिकेट आर्च’ या प्रसिद्ध कमानीची छायाचित्रे संगणकावर बदलून घेण्यात आली: एकात कमानीखाली कोणीच नाही, दुसऱ्यात थोडी माणसे, आणि असे करत करत शेवटच्या चित्रात शंभरावर माणसे. पर्यटकांनी प्रत्येक चित्र आपल्याला कितपत मान्य आहे ते सांगितले. माणसे वाढत गेली तशी मान्यता घसरत गेली आणि जेथे ती ‘चालेल’वरून ‘चालणार नाही’कडे झुकली, तो आकडा एका वेळी सुमारे ३० माणसांच्या आसपास होता. व्हर्माँट विद्यापीठाचे रॉबर्ट मॅनिंग यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. या कमानीकडे जाणारी पायवाट वुल्फ रँच या ठिकाणाहून सुरू होते. जाऊन येऊन सुमारे ५ किलोमीटर चालावे लागते आणि जवळजवळ प्रत्येक जण तेथे गाडीनेच येतो. म्हणजे कमानीखालची गर्दी ही खाली किती गाड्या उभ्या राहू शकतात यावर अवलंबून आहे, आणि म्हणून तेथील वाहनतळ किती मोठा ठेवायचा हा निर्णय त्या आकड्याशी जोडता आला. छायाचित्रावरच्या मतापासून वाहनतळाच्या आखणीपर्यंत असा धागा जोडता आला, तरच पाहणीने नियोजनाला मदत केली असे म्हणता येते. अर्थात आकडा ठरल्याने गर्दी आपोआप थांबत नाही. २०२१ मध्ये आर्चेसला सुमारे १८ लाख भेटींची नोंद झाली, आत जागा उरली नाही म्हणून प्रवेशद्वार अनेकदा बंद ठेवावे लागले आणि २०२२ मध्ये वेळ आरक्षित करून आत येण्याची पद्धत प्रायोगिक स्वरूपात सुरू करावी लागली.

येथे एका सापळ्याविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘तुम्ही एकंदरीत समाधानी आहात का?’ या प्रश्नाला अमेरिकेतील उद्यानांत वर्षानुवर्षे ९५ टक्क्यांच्या वर होकार मिळत आला आहे. रजा काढून, पैसे खर्चून, मुलाबाळांसह एखाद्या भव्य दरीच्या काठावर उभा असलेला माणूस असमाधानी असल्याचे सहसा सांगत नाही. शिवाय ज्यांना गर्दी सहन झाली नाही, ते दुसऱ्या वर्षी येतच नाहीत; त्यांच्या जागी गर्दीची सवय असलेले किंवा पूर्वीची शांतता न पाहिलेले लोक येतात आणि तेही समाधानीच असतात. जागा दरवर्षी थोडी थोडी बिघडत जाते आणि समाधानाचा आकडा मात्र हलत नाही. म्हणून कोणत्याही उद्यानाच्या अहवालात हा एकच आकडा ठळक छापलेला दिसला, तर वाचकांनी पुढची पाने उलटून पाहावीत. जे येत नाहीत त्यांचे म्हणणे दारात कधीच कळत नाही. त्यासाठी अमेरिकेत २००० मध्ये आणि नंतर २००८-०९ मध्ये देशभर लोकांना घरी दूरध्वनी करून विचारण्यात आले, तेव्हा गोऱ्या नागरिकांच्या तुलनेत कृष्णवर्णीय नागरिक उद्यानांत बरेच कमी जातात, हे स्पष्ट दिसले.

प्रश्न : मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी असून ताडोब्याला येणाऱ्या पर्यटकांची पाहणी प्रकल्पासाठी करू इच्छिते. किती लोकांना विचारावे आणि कोठे उभे राहावे?
— एक विद्यार्थिनी, चंद्रपूर

उत्तर : सर्वप्रथम व्याघ्र प्रकल्पाच्या कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्यावी, ती नसताना प्रवेशद्वारापाशी कागद घेऊन उभे राहू नये.

संख्येविषयी सांगायचे तर, नमुना नीट निवडलेला असल्यास सुमारे ४०० उत्तरांतून टक्केवारी पाच टक्के अलीकडे-पलीकडे या अचूकतेने कळते. ही चूक निम्मी करायची तर उत्तरे चौपट, म्हणजे १६०० घ्यावी लागतात. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला ४०० पुरेशी आहेत, पण त्यांचे तुकडे पाडताना जपावे. ‘कोलारा प्रवेशद्वाराने आलेले, प्रथमच आलेले, ज्येष्ठ नागरिक’ असा गट काढलात आणि त्यात १८ जण उरले, तर त्यांची टक्केवारी छापू नये. अमेरिकेतील अहवालांत उत्तरे ३० पेक्षा कमी असली की आकडे जपून वाचावेत अशी सूचना देतात. तीच शिस्त तुम्हीही पाळावी.

संख्येपेक्षा दिवसांची आणि वेळांची निवड अवघड आहे. मंगळवारी उद्यान बंद असते आणि पावसाळ्यात कोअर, म्हणजे गाभा क्षेत्र बंद राहते. शनिवार-रविवारी येणारे कुटुंब आणि बुधवारी येणारा छायाचित्रकार ही वेगळी माणसे आहेत, आणि मोहर्ली प्रवेशद्वारावर जे दिसेल ते नवेगाव प्रवेशद्वारावर दिसेलच असे नाही. म्हणून प्रवेशद्वारे, वार आणि सकाळ-दुपारच्या फेऱ्या यांचा तक्ता आधी करावा, त्यातून चिठ्ठ्या टाकून वेळा निवडाव्यात आणि त्या वेळेस बाहेर येणारी दर तिसरी किंवा चौथी जिप्सी (सफारीची उघडी गाडी) थांबवावी. मे महिन्यात केलेली पाहणी मे महिन्यातील पर्यटकांचीच असते, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहावे.

ताडोब्यात आणखी एक अडचण आहे, जी स्वतःची गाडी घेऊन आत जाता येणाऱ्या उद्यानांत येत नाही. पर्यटकासोबत जिप्सीचालक आणि गाइड असतात. ते समोर उभे असताना ‘गाइडने माहिती कशी दिली?’ असे विचारले, तर सगळेच छान म्हणतील, कारण त्या माणसाचे पोट या कामावर आहे हे पर्यटकाला दिसत असते. प्रश्नावली पर्यटकाला एकट्याने भरू द्यावी आणि घडी घालून पेटीत टाकू द्यावी. तसेच ‘आज वाघ दिसला का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा आणि वाघ दिसलेल्यांची व न दिसलेल्यांची उत्तरे वेगळी मांडावीत, नाही तर रस्त्यांविषयी, स्वच्छतेविषयी किंवा तिकिटाच्या दराविषयी जी मते मिळतील, ती पुष्कळ अंशी त्या दिवशीच्या वाघाविषयीची मते असतील.

निष्कर्ष मांडताना २०१२ च्या ऑक्टोबरमधील केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे वाचावीत. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रापैकी जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन असावे आणि वाहनांची संख्या धारणक्षमतेच्या गणितातून यावी, असे त्यांत आहे. त्या गणितात रस्त्याची लांबी आणि दोन गाड्यांमधील अंतर येते. एका वाघापाशी दहा जिप्सी उभ्या पाहून पर्यटकाला काय वाटले, हे मात्र येत नाही. तुमचा प्रकल्प ही उणीव भरून काढू शकतो, आणि आर्चेसप्रमाणे बदललेली छायाचित्रे दाखवून ते विचारता येईल.

प्रश्न : बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिकिटांवरून लोकांची संख्या कळतेच. मग वेगळी पाहणी कशासाठी?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : तिकिटांवरून भेटी कळतात, माणसे कळत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने २०२४ मध्ये सुमारे ३३.२ कोटी भेटींची नोंद केली, पण एकच माणूस चार उद्यानांत गेला तर तेथे चार भेटी धरल्या जातात. शिवाय अनेक ठिकाणी रस्त्यावरील यंत्र केवळ गाड्या मोजते आणि एका गाडीत सरासरी किती माणसे असतात, हे पाहणीतूनच ठरवावे लागते.

तुमच्या उद्यानात तर पहाटे रोज चालायला येणारा रहिवासी आणि वर्षातून एकदा मुलांना घेऊन कान्हेरी लेणी पाहायला येणारे कुटुंब यांच्या गरजा पूर्णपणे वेगळ्या आहेत. पाहणी सकाळी दहा वाजता सुरू केली तर पहिला गट त्यात सापडणारच नाही, आणि केवळ पहाटेच्या लोकांना विचारले तर स्वच्छतागृहे, बस आणि लेण्यांकडील पाण्याची सोय यांविषयी काहीच हाती लागणार नाही. याच उद्यानात आदिवासी पाडेही आहेत. तेथील माणसे पर्यटक नाहीत, तिकीट काढून येत नाहीत, त्यामुळे पर्यटकांच्या कोणत्याही पाहणीत ती येणार नाहीत. पण रविवारी रस्त्यावर होणारी वर्दळ आणि पर्यटकांनी टाकलेला कचरा त्यांच्या घरांपर्यंत पोहोचतो. त्यांच्याशी वेगळे, त्यांच्या पाड्यात जाऊन आणि त्यांच्या सवडीने बोलावे लागेल, आणि आराखडा करणाऱ्यांनी ते काम पर्यटकांची पाहणी आटोपल्यावर न करता तिच्या बरोबरीनेच करावे.