केस गळतात की तुटतात?

प्रश्न : माझे वय २८ असून मी चिंचवडला राहतो. नोकरीसाठी रोज दुचाकीने हिंजवडीला जातो, त्यामुळे जाऊन-येऊन दोन तास डोक्यावर हेल्मेट असते. अडीच वर्षांपासून केस वाढवले असून ते आता खांद्यापर्यंत आले आहेत. गेल्या वर्षी सलूनमध्ये ते रीबाँडिंग करून सरळ करून घेतले. आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी येते. चार महिन्यांपासून कंगव्यात, उशीवर आणि हेल्मेटच्या अस्तरात केसांचे तुकडे सापडत आहेत आणि टोकांना फाटे फुटले आहेत. वडिलांना टक्कल असल्यामुळे भीती वाटते. मित्र बायोटिनच्या गोळ्या सुचवतात, तर सलूनवाले केराटिन ट्रीटमेंट घ्यायला सांगतात. काय करावे?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपल्या पत्रातील ‘तुकडे’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण टक्कल पडणे आणि केस तुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. आनुवंशिक टक्कल पडताना केस मुळापासून सुटतो आणि त्या जागी येणारा नवा केस दर वेळी आधीपेक्षा बारीक येतो. तुटताना मात्र मूळ जागच्या जागी राहते आणि केस मध्येच कोठेतरी मोडतो. याची खात्री आपल्याला घरीच करता येईल. कंगव्यातले दहा-पंधरा केस कागदावर पसरावेत आणि एकेक उचलून खिडकीच्या उजेडात त्याची दोन्ही टोके पाहावीत. मुळापासून आलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढुरकी गाठ असते, जी चिमटीतून केस ओढताना बोटांनाही जाणवते. असे ५० ते १०० केस रोज जाणे स्वाभाविक आहे. तुटलेल्या केसाला ही गाठ नसते आणि भिंगातून पाहिल्यास तुटल्या जागी त्याचे टोक झिजलेल्या केरसुणीसारखे विस्कटलेले दिसते. आपले बहुतेक केस या दुसऱ्या प्रकारचे निघतील, असे पत्रावरून वाटते.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते, तसा केस आतून सांधला जात नाही. त्याच्या बाहेरच्या बाजूस घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेली खवल्यांची आवरणे असतात, आणि ही कौले एकदा निघाली की आतले केराटिन या प्रथिनाचे तंतू उघडे पडून सुटे होऊ लागतात. फाटे फुटणे म्हणतात ते हेच. म्हणून केस ‘दुरुस्त’ करणे याचा खरा अर्थ खराब झालेला भाग हळूहळू काढून टाकणे आणि नव्याने येणारा भाग जपणे एवढाच आहे.

आपल्याच केसांचा हिशेब मांडून पाहू. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. अडीच वर्षांत ३० सेंटिमीटर वाढ झाली असेल, तर टोकाच्या केसाने अडीच वर्षांचे न्हाणे, पुसणे, विंचरणे आणि हेल्मेटचे घासणे सोसलेले आहे. रीबाँडिंगला वर्ष झाले, म्हणजे टाळूजवळचे सुमारे १२ सेंटिमीटर केस नवे आणि चांगले आहेत. त्याखालच्या १८ सेंटिमीटरमध्ये रसायनाने केसातले गंधकाचे बंध तोडून नव्याने जुळवले होते, आणि ते सगळेच्या सगळे पुन्हा जुळत नाहीत. तुकडे पडत आहेत ते मुख्यतः याच भागातून. दर दोन महिन्यांनी खालचे तीन सेंटिमीटर कापत गेलात, तर वर्षभरात खराब झालेला सगळा भाग निघून जाईल आणि तोपर्यंत वरून १२ सेंटिमीटर वाढ झालेली असल्यामुळे आपल्याकडे २४ सेंटिमीटर केस उरतील. आजच्यापेक्षा सहा सेंटिमीटर कमी, पण शेंड्यापर्यंत धड. हा मार्ग धीराचा आहे, परंतु मला तोच खात्रीचा वाटतो.

या वर्षभरात नवे केस जपायचे, तर सर्वांत आधी सकाळची घाई बदलावी लागेल. केस ओला असताना अधिक ताणला जातो आणि अधिक सहज तुटतो. आपल्याकडे पुष्कळ तरुण सकाळी डोक्यावरून अंघोळ करतात, टॉवेलने खसाखसा डोके पुसतात, घट्ट अंबाडा बांधतात आणि ओल्या केसांवरच हेल्मेट चढवतात; केसांचे याहून अधिक नुकसान करणारी दिनचर्या मला सुचणार नाही. शक्य असल्यास आठवड्यातून दोन-तीनदा, तेही रात्री न्हावे. जुन्या मऊ पंचाने केस दाबून पाणी टिपावे, चोळू नये. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी शेंड्याकडचा गुंता सोडवावा आणि मग वर वर यावे. हेल्मेटखाली केस कोरडे असावेत, मानेशी सैल वेणी किंवा सैल बांधलेले असावेत, आणि मध्ये सॅटिनसारखे गुळगुळीत कापड असावे. हेल्मेट मात्र कोणत्याही कारणाने टाळू नये. रोज घट्ट बांधलेल्या अंबाड्याने कपाळावरची केसांची रेषाच मागे सरकू शकते; जुडा बांधणाऱ्या शीख तरुणांमध्ये हे आढळलेले आहे.

बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात आणि केस खरखरीत होऊन एकमेकांत अडकतात. अंगाचा साबण डोक्याला लावण्याची सवय असेल, तर ती आजच सोडावी, कारण जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवरच राहतो आणि साबणाच्या अल्कधर्मी गुणाने खवले उचलले जातात. सौम्य शाम्पू वापरावा आणि शेवटचे दोन तांबे पालिकेच्या नळाचे पाणी घ्यावे. त्यानंतर कंडिशनर लावावा. तो बायकांसाठी असतो, या समजुतीमुळे पुरुष तो टाळतात. त्यातील धन भार असलेले घटक केसाच्या झिजलेल्या, ऋण भार असलेल्या जागी चिकटून घर्षण कमी करतात. तो टाळूला न लावता केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला लावावा.

खोबरेल तेलाबद्दल आपण विचारलेले नाही, तरीही लिहितो, कारण ते खरोखरच उपयोगी आहे. मुंबईतील एका तेल कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसातील प्रथिनांची झीज कमी करताना फक्त खोबरेल तेल आढळले. त्यातील लॉरिक आम्लाचे लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरतात. न्हाण्यापूर्वी तास-दोन तास आधी थोडेसे तेल लांबीला चोळावे.

केराटिन ट्रीटमेंट मात्र घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. तिने केसातून गेलेले केराटिन परत येत नाही, तर वरून थर बसवून तापत्या इस्त्रीने केस सरळ केला जातो. शिवाय अशा अनेक मिश्रणांतून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते, जे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ पासून कर्करोगजनक मानले आहे. सलूनमध्ये ते दिवसभर श्वासातून घेणाऱ्या कारागिराचीही मला काळजी वाटते.

बायोटिन या जीवनसत्त्वाची कमतरता सहसा आढळत नाही आणि ती नसताना गोळ्यांनी तुटणे थांबत नाही. उलट मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे अशी लक्षणे असतील, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासावे. पुरुषात हिमोग्लोबिन कमी निघाले, तर केवळ गोळ्या न घेता मूळव्याध किंवा पोटातील रक्तस्राव असे कारण शोधावे लागते. डोक्यावर गोल चकत्या, खपल्या किंवा टाळूलगत तुटलेले काळे ठिपके दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे, कारण ती चाई किंवा बुरशीचा संसर्ग असू शकतो.

प्रश्न : वय ५२. दर पंधरा दिवसांनी काळी मेहंदी लावतो. केस काथ्यासारखे राठ होऊन तुटतात. मेहंदी तर नैसर्गिक असते ना?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : निव्वळ मेहंदीचा रंग तांबूस येतो. तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडी हे रसायन असते, तेव्हा पुडीच्या मागचा मजकूर अवश्य वाचावा. आपण दर वेळी सगळ्या केसांना लेप देत असाल, तर टोकांना तो वर्षात चोवीस वेळा बसतो. सहा आठवड्यांनी, फक्त मुळाशी दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला लावावा आणि धुतल्यावर कंडिशनर घ्यावा. नवी पुडी उघडली की आधी कानामागे थोडासा लेप लावून ४८ तास थांबावे. खाज, लाली किंवा सूज आली, तर ती पुडी पुन्हा वापरू नये.