मोठेपणी ऑटिझमची तपासणी: इंग्लंडला जाण्याआधी की गेल्यावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, काही महिन्यांत नोकरीसाठी इंग्लंडला निघायचंय, आणि समुपदेशकांनी अलीकडेच ‘ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, दृष्टीने एकदा तपासून घ्या’ असं सुचवलंय. तपासणी भारतात करावी की तिकडे, निदान झालं तर व्हिसा आणि नोकरीचं काय, आणि या वयात निदान करून मिळणार काय? मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे, माझं निदान चाळिशी उलटल्यावर इथेच झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उत्तर. निदानासाठी जाणं पुढे ढकलू नका. व्हिसाची चिंता सोडा. मोठ्यांची तपासणी मन लावून करणारं कुणी भारतात मिळालं, तर ती तिथेच करून घ्या. नाही मिळालं तर इथे इंग्लंडमध्ये रांगेत नाव लवकर लावा. पण काहीही ठरलं तरी एक काम निघण्याआधीच करा: आईवडिलांसमोर बसून स्वतःच्या लहानपणाची माहिती लिहून घ्या. बाकी सगळं नंतर जमतं. हे दुरून, फोनवर, वेळेच्या फरकात फार अवघड जातं.

तुम्ही लिहिलंय, ‘इतकी वर्षं निभावलं, मग आताच का?’ निदानाचे जे निकष जगभर वापरतात, त्यातल्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेत याचं उत्तर आहे. लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, पण समोरच्या अपेक्षा आपल्या कुवतीबाहेर जाईपर्यंत ती ठळक दिसतीलच असं नाही, आणि पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकलीही जाऊ शकतात, असं तिथे म्हटलंय. आता तुमचं घर बघा. कुणाकडे जायचं, काय बोलायचं, फोन कुणी करायचा, कागदपत्रं कुणी भरायची, हे आजवर चार माणसांत वाटलेलं होतं. परदेशात ते सगळं एकाच दिवशी तुमच्या एकटीवर येतं. घर शोधणं, बँक, करखातं, अनोळखी माणसांचे फोन, आणि दिवसभर दुसऱ्या भाषेत चेहरे वाचणं. ज्यांच्यात ऑटिझम आहे पण तो कुणाच्या लक्षात आलेला नाही, अशी कितीतरी माणसं अशाच बदलात कोलमडतात. त्याला इथे ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात: बोलायलाही नको वाटणं, आवाज-उजेड सहन न होणं, काल येत असलेली कामं आज न जमणं. वरवर ते नैराश्यासारखं दिसतं आणि कधी दोन्ही सोबत असतात, म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘उदास वाटतं’ न सांगता हा तपशील सांगा.

दुसरी बाजूही आहे. परदेशात काही गोष्टी सोप्या होतात. नियम लिहिलेले असतात, भेटीची वेळ आधी ठरते, न सांगता कुणी दारात येत नाही. शिवाय आपण परके आहोत हे एक पांघरूणच असतं. तुम्ही बेधडक बोललात किंवा गप्प राहिलात, तर लोक म्हणतात, तिकडची पद्धत असेल. सुरुवातीला हे सुखाचं वाटतं. पण त्यामुळेच निदान आणखी लांबतं, कारण आपणही प्रत्येक अडचण ‘नवा देश, नवी भाषा’ या खात्यात टाकत राहतो. स्वतःला एकच विचारा: ही अडचण आपल्या भाषेत, आपल्या माणसांतही होती का? होती, तर ती देशाची नाही.

मग अडचण म्हणजे नेमकं काय? लहान मुलांची चित्रं डोळ्यांसमोर ठेवलीत तर मोठ्या माणसातला, विशेषतः बाईतला, ऑटिझम दिसायचाच नाही. तो असा दिसतो: फोन करण्याआधी वाक्यं मनात पाठ करणं, कधी कागदावर लिहून काढणं. चार जण एकदम बोलायला लागले की कुणाचंच न कळणं. समारंभाहून आल्यावर दुसरा दिवस वाया जाणं, समारंभ छान झालेला असला तरी. कपड्याचं लेबल, ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्याचं अत्तर याने डोकं बधिर होणं. ठरलेला बेत ऐनवेळी बदलला की राग नव्हे, अंगात घबराट येणं. भूक लागलीय की चिडचिड होतेय हे न उमगणं. एखाद्या विषयात इतकं बुडणं की दिवस कळत नाही. आणि या सगळ्यावर लहानपणापासून दुसऱ्यांचं पाहून बसवलेली एक ‘नॉर्मल’ वागणूक, जिला मास्किंग म्हणतात. यातली एखाद-दुसरी गोष्ट कुणातही असते. निदानासाठी सामाजिक संवादातल्या तिन्ही प्रकारच्या अडचणी लागतात, आणि ठरावीकपणा, तीव्र आवडी, संवेदना वगैरे चार प्रकारांपैकी किमान दोन. त्यांचा रोजच्या जगण्यावर परिणाम होत असावा लागतो.

तुमच्या पिढीचं लहानपणी निदान का झालं नाही, तेही सांगते. १९८० पर्यंत अमेरिकी निदान-पुस्तिकेत ऑटिझमला स्वतंत्र स्थानच नव्हतं, आणि आलं तेही बालपणातल्या ठळक लक्षणांपुरतं. बोलणाऱ्या, शिकणाऱ्या मुलांकडे पाहण्याची नजर ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखानंतर हळूहळू रुजली. अशा मुलांसाठीचं अॅस्पर्गर हे वेगळं निदान १९९४ ला आलं आणि २०१३ ला ऑटिझमच्या एकाच स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे व्यापक पट्ट्यात, मिसळलं. ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) ही दोन्ही निदानं एकाच माणसाला देता येतात, हेही २०१३ पासूनच. पहिल्या बाकावर बसून मुकाट अभ्यास करणाऱ्या मुलीत काही शोधायला तेव्हा कुणी जातच नव्हतं.

इंटरनेटवरच्या चाचण्या भरा, पण त्यांना निकाल समजू नका. एक्यू ही ५० प्रश्नांची, आरएएडीएस-आर ८० प्रश्नांची, आणि मास्किंग मोजणारी कॅट-क्यू २५ प्रश्नांची. सोशल अँग्झायटी (लोकांत वावरण्याची भीती), एडीएचडी किंवा जुने मानसिक आघात यांतही आकडे चढतात. मला आकड्यापेक्षा भरताना जे होतं ते जास्त मोलाचं वाटतं. ‘मला गर्दीत राहायला आवडतं’ अशा साध्या विधानापाशी तुम्ही अडकता: कोणती गर्दी? ओळखीची की अनोळखी? निघायची वेळ ठरलेली आहे का? समासात असं जे जे सुचेल ते लिहून ठेवा. तपासणीच्या दिवशी माझ्या डॉक्टरांनी आकडा बाजूला ठेवला आणि समासातल्या ओळींवर अर्धा तास बोलल्या.

आता आईवडिलांकडची माहिती. ‘मी लहानपणी कशी होते?’ असं विचारू नका. ‘अगदी शहाणी, काही त्रास दिला नाहीस’ हे उत्तर ठरलेलं आहे. बारीक प्रश्न विचारा. बोलायला कधी लागले? विमान किंवा कुत्रा दिसला की बोट करून तुम्हाला दाखवायचे, की एकटीच बघत बसायचे? इतर मुलांसोबत खेळायचे की त्यांच्या शेजारी बसून आपलं आपलं? खेळणी ओळीत मांडायचे का? मांडणी मोडली तर काय व्हायचं? मिक्सर, फटाके, केस कापणं, नखं कापणं, नवे कपडे? तोच खाऊ, तोच रस्ता यांचा हट्ट होता का? कुणाच्या मांडीवर जायचे, कुणाच्या नाही? आई एखादा प्रसंग सांगायला लागली की मध्ये थांबवू नका, तिच्याच शब्दांत लिहा किंवा परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. तिला ‘ऑटिझम’ हा शब्द आधीच सांगायची गरज नाही. तो ऐकला की कित्येक आया स्वतःवर आरोप झाल्यासारख्या गप्प होतात, आणि आठवणी तिथेच थांबतात. आई नसेल तर मावशी, मोठा भाऊ, शेजारच्या काकू. जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर त्यातल्या शेऱ्यांचे फोटो काढा. ‘हुशार आहे पण वर्गात मिसळत नाही’ हा तिसरीतला शेरा तपासणाऱ्याला खूप काही सांगतो. माहिती देणारं कुणीच नसेल तरी मोठ्यांचं निदान होऊ शकतं, फक्त वेळ जास्त लागतो.

भारतात तपासणी करायची तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा आणि फोनवरच विचारा: तुम्ही मोठ्यांची तपासणी करता का, किती वेळ घेता, लेखी अहवाल देता का? एका बैठकीत प्रश्नावली भरून घेऊन निकाल देणाऱ्यांपासून लांब राहा. अहवाल इंग्रजीत हवा. त्यात कोणते निकष लावले (डीएसएम-५ की जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी-११), कोणती साधनं वापरली, लहानपणाची माहिती कुणी दिली, आणि तज्ज्ञांचा नोंदणी क्रमांक हे असायलाच हवं. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी लावतात, जिच्यात ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम धरत नाहीत. आयुष्यभर मास्किंग केलेली, नोकरी सांभाळणारी व्यक्ती त्या आकड्याच्या खाली राहू शकते. ते प्रमाणपत्र भारतातल्या सवलतींसाठी आहे. ते मिळालं नाही म्हणजे ऑटिझम नाही असं समजू नका. इंग्लंडमध्ये ते लागतही नाही.

इथली वाट जीपीपासून, म्हणजे फॅमिली डॉक्टरांपासून, सुरू होते. आल्या-आल्या घराजवळच्या जीपीकडे नाव नोंदवा, व्हिसासोबत आरोग्य अधिभार बहुधा भरलेला असतोच. भेट दहा-एक मिनिटांची असते, तेव्हा तोंडी सांगण्याच्या भरवशावर जाऊ नका. एका पानावर लिहून न्या: लहानपणी काय होतं, आज कामावर आणि घरी काय अडतं, समुपदेशक काय म्हणाल्या. जीपी बहुतेक एक्यू-१० ही दहा प्रश्नांची चाचणी देतील. ६ किंवा जास्त गुण आले की पुढे पाठवावं, असं राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. पाठवल्यापासून तीन महिन्यांत तपासणी सुरू व्हावी असाही दंडक आहे, पण वास्तवात अनेक भागांत लोक वर्षानुवर्षं थांबलेत. म्हणून ‘राइट टू चूज’ लक्षात ठेवा: इंग्लंडमधल्या जीपीकडे नाव असेल तर एनएचएसशी, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेशी, करार असलेली दुसरी संस्था तुम्ही निवडू शकता, खर्च एनएचएसचाच. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडमध्ये ही सोय नाही. भारतातला अहवाल असेल तर जीपीला द्या. काही ठिकाणी तो नोंदवून घेतात, काही ठिकाणी पुन्हा तपासतात.

तपासणीत लांबलचक गप्पा होतात, आणि एडीओएस-२ ही निरीक्षणाची पद्धत वापरत असतील तर काही कृती: चित्रांचं पुस्तक पाहून गोष्ट सांगा, वगैरे. हे सगळं इंग्रजीत चालतं. मोठ्यांच्या डोळ्यांत न बघणं हे तुमच्या घरी संस्कार म्हणून शिकवलं असेल, तर तसं सुरुवातीलाच सांगा, नाहीतर ते लक्षण समजलं जाईल. इंग्रजीत शब्द अडतो तेव्हा ‘हे भाषेमुळे, मराठीत मला सुचलं असतं’ किंवा ‘हे मराठीतही मला सुचत नाही’ असं स्पष्ट बोला. दुभाष्या मागायलाही हरकत नाही. आणि त्या दिवशी नीटनेटकं वागून दाखवू नका. हात चाळवायचा असेल तर चाळवू द्या.

व्हिसा: सहा महिन्यांहून जास्त राहायला येणाऱ्या भारतीयांना क्षयरोगाची तपासणी लागते, ऑटिझमबद्दल कुणी विचारत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं तसं नाही, तिथे अर्जदाराच्या उपचारांचा सरकारवर पडणारा खर्च मोजतात. उद्या तिकडे जायचा विचार असेल तर आधी त्या देशाच्या जाणकार वकिलाशी बोला, पण कुठल्याही अर्जात काही लपवू नका. गाडी चालवणार असाल आणि ऑटिझममुळे सुरक्षित चालवण्यावर परिणाम होत असेल, तर डीव्हीएलएला, म्हणजे वाहन परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवणं बंधनकारक आहे.

नोकरीबद्दल तुम्ही घाबरून लिहिलंय, त्यामुळे नीट सांगते. नोकरी देऊ करण्याआधी मालकाने आरोग्याचे प्रश्न विचारायला २०१० च्या इक्वॅलिटी अॅक्टने, मोजके अपवाद सोडता, मनाई केली आहे. त्याच कायद्याने अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्याला कामात रास्त बदल करून देणं मालकावर बंधनकारक आहे. अपंगत्वाची व्याख्या निदानाच्या कागदावर नाही, रोजच्या कामांवर दीर्घकाळ पडणाऱ्या ठळक परिणामावर अवलंबून आहे, म्हणजे रांगेत असतानाही तुम्ही मागणी करू शकता. मागणी नेमकी असू द्या. ‘मला समजून घ्या’ याला मॅनेजर काय करणार? ‘बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवा, तोंडी सांगितलेलं काम ईमेलवर द्या, भिंतीकडची जागा द्या, आवाज रोखणारे हेडफोन लावू द्या’ हे करता येतं. इथले लोक आडून बोलतात. ‘जमलं तर एकदा बघाल का’ म्हणजे बऱ्याचदा ‘आज संध्याकाळपर्यंत करा’. तारीख विचारण्यात कमीपणा नाही, मी प्रत्येक वेळी विचारते. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायची घाई मात्र नको. आधी मॅनेजर कसे आहेत ते बघा.

निदानाने मिळतं काय? ऑटिझमच्या गाभ्यावर औषध नाही, आणि बरं करून देतो म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. मला मिळाली ती आखणी करायची मुभा. आठवड्यात किती भेटीगाठी झेपतात हे मी ठरवते, आणि नाही म्हणताना स्वतःला माणूसघाणी म्हणत नाही. आधी थोडा काळ दुःखही होतं, हे कुणी लहानपणी ओळखलं असतं तर, असं वाटून. ते येऊ द्या. मात्र ऑटिस्टिक प्रौढांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा जास्त आढळतात, आणि नव्या देशातला पहिला हिवाळा एकटीने काढायचा असतो. जगणं नको वाटलं तर रांगेतल्या तारखेची वाट पाहायची नाही. भारतात असाल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, इंग्लंडमध्ये एनएचएसचा १११ लावून पर्याय क्रमांक २ निवडा, आणि जिवाला धोका असेल तर ९९९. हे नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. फोनवर बोलणं जड जात असेल तर पहिलं वाक्य लिहून ठेवा आणि तेच वाचून दाखवा.