वडिलांच्या फाइलवर ‘केपीएस ८०’ लिहिलंय, मग बागेतलं काम का जमत नाही?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालं, तासगावला घरी आलेत, चालतात, जेवतात, फाइलवर केपीएस ८० आहे. पण द्राक्षाच्या फवारणीचं औषध किती घ्यायचं यात गोंधळ होतो, मग ते ८० टक्के बरे कसे? मी मिरजेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठी मदत करणं हे माझं काम. तुम्हाला जे दिसतंय ते खरं आहे, आणि ते डॉक्टरांपर्यंत पोचायलाच हवं.

८० हे टक्के नव्हेत. केपीएस म्हणजे कार्नॉफ्स्की मोजपट्टी: रुग्ण रोजचे व्यवहार कितपत करू शकतो ते ती सांगते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ती कॅन्सरच्या रुग्णांसाठी तयार झाली. शून्य ते शंभर, दहा-दहाच्या पायऱ्या. ८० म्हणजे कष्ट पडतात, पण नेहमीचे व्यवहार करतो. ७० म्हणजे स्वतःचं आवरतो, पण नेहमीचं काम होत नाही. या दोन पायऱ्यांवरची माणसं ओपीडीत सारखीच चालत येतात. फरक कळतो तो ‘सध्या बाग कोण बघतंय?’ एवढं विचारल्यावर, आणि गर्दीत नेमकं तेच राहून जातं. पुढचे उपचार किती झेपतील हे ठरवताना हा आकडा बघतात, म्हणून तो खरा असायला हवा.

दुसरी मोजपट्टी बार्थेलची, १९६५ ची: जेवण, आंघोळ, कपडे, संडास, जिना अशा दहा गोष्टी स्वतः किती जमतात ते बघणारी. अर्धांगवायूत ती उपयोगी पडते. पण गाठ कपाळामागच्या भागात असेल तर हातपाय शाबूत राहून कामाची आखणीच बिघडू शकते. आंघोळ सवयीनं होते. फवारणीला मात्र लेबल वाचायचं, टाकीतल्या पाण्याचं प्रमाण काढायचं, मध्येच फोन आला तर कुठवर आलो होतो ते लक्षात ठेवायचं. अशी कामं मोजायला लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ ची यादी आहे: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. आपल्याकडे ती जशीच्या तशी लावू नये असं मला ठामपणे वाटतं. ज्यांनी जन्मात चूल पेटवली नाही त्यांना स्वयंपाकाचा शून्य देऊन काय कळणार? तुलना त्यांच्या स्वतःच्या पूर्वीच्या कामाशी करा. बेदाण्याच्या सौद्याची पट्टी (विक्रीची पावती) ते आधी तपासायचे का? आता तपासतात का? मजुरांचा हिशेब?

वडिलांना विचाराल तर ‘सगळं जमतंय’ म्हणतील. खोटं बोलत नसतात. या आजारात काहींना स्वतःतला बदल जाणवतच नाही. म्हणून घरच्यांचं सांगणं वेगळं नोंदवावं लागतं. वहीत लिहा: काम कोणतं, कुठं अडलं, आठवण करून दिल्यावर झालं का, की हातच लावावा लागला. रेडिएशन चालू असेल तर तारीख टाका, कारण त्या काळातला थकवा पुढे कमी होऊ शकतो. उकिडवं बसून उठता येत नसेल तर तेही लिहा. मेंदूची सूज कमी करायला देतात त्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइड गोळीनं मांड्या कमजोर होऊ शकतात. मात्र ती गोळी स्वतःहून बंद करू नका.

फवारणीचं औषध कालवणं, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबवा. झटका (फिट) येण्याचा धोका असतो.

पुढच्या वेळी ‘बरं आहे’ म्हणून थांबू नका. ‘आंघोळ-जेवण स्वतः करतात, पण बागेचं काम आणि हिशेब होत नाही’ असं सांगा. वडिलांसमोर बोलायला जड जात असेल तर वही आधी आत पाठवा, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तपासणी करायची का, हेही विचारून घ्या.