डॉक्टरांना विचारा : मैदान उघडलं, पण कॅडीला मोजलंत का?

करोनाच्या साथीमुळे चार महिन्यांहून जास्त काळ बंद असलेली गोल्फची मैदानं ५ ऑगस्ट २०२०पासून उघडली. राज्य शासनाच्या २९ जुलैच्या आदेशात गोल्फ, टेनिस, नेमबाजी, जिम्नॅस्टिक्स, उघड्यावरचं बॅडमिंटन आणि मल्लखांब या सगळ्यांना एकाच ओळीत परवानगी मिळाली. पोहण्याचे तलाव मात्र बंदच राहिले. मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे आणि पुण्यात तीस वर्षं गोल्फ खेळले आहे, म्हणून त्या ऑगस्टमध्ये ही तीन पत्रं माझ्याकडे आली. उत्तरंही तेव्हाचीच आहेत.

प्रश्न : आमच्या क्लबने बंकरमधले (वाळूच्या खड्ड्यांतले) रेक, म्हणजे वाळू सारखी करायची दाताळी, काढून घेतले, होलमध्ये फोमचा तुकडा बसवला, आणि होलमधल्या फ्लॅगला हात लावू नका म्हणतात. यात खेळाचे नियम मोडत नाहीत का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मोडत नाहीत. फ्लॅग न काढता पट (चेंडू होलकडे हळूच ढकलायचा फटका) मारायला २०१९पासून दंड नाही. रेक नसेल तर वाळू पायाने किंवा क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने, सारखी करा. फोममुळे चेंडू पूर्ण खाली उतरत नाही. तो आत गेला असं केव्हा धरायचं हे ठरवायची मुभा गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए या संस्थेने २०२०मध्ये या साथीपुरती क्लबच्या समितीला दिली. स्कोअरकार्डांची अदलाबदल नको, आकडे तोंडी सांगा.

चेंडूची फार धास्ती घेऊ नका. आपला चेंडू आपणच उचलायचा आणि हात स्वच्छ केल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही, एवढं पुरे. मला काळजी वाटते ती पहिल्या टीवरच्या (खेळ सुरू करायच्या जागेवरच्या) घोळक्याची, दोघांत एका कार्टची (मैदानावरच्या छोट्या गाडीची), आणि या दिवसांत सगळ्यात जास्त, पावसाच्या शेडची. ऑगस्टची सर आली की पुढचे चार खेळाडू, मागचे चार आणि त्यांचे कॅडी, म्हणजे बॅग उचलणारे मदतनीस, एका पत्र्याखाली गोळा होतात. ओले मास्क हनुवटीवर येतात, आणि पाऊस थांबेपर्यंत गप्पा रंगतात. सकाळभर फेअरवेवर (मैदानातल्या मोकळ्या हिरवळीवर) पाळलेलं सहा फुटांचं अंतर तिथे संपतं. म्हणून स्वतःची मोठी छत्री न्या आणि शेड भरलेली दिसली तर बाहेरच थांबा. विजा चमकत असतील तर मात्र छत्री मिटून, खेळ सोडून आपल्या गाडीत जाऊन बसा. मास्क भिजला की बदलायचा. दोन कोरडे मास्क झिपच्या पिशवीत ठेवा. झडपेचा एन-९५ नको. त्यातून तुमचा श्वास न गाळता बाहेर पडतो, आणि केंद्राच्या आरोग्य खात्यानेही जुलै २०२०मध्ये त्याबद्दल सावध केलं आहे.

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे. मैदान उघडल्याचं वाचल्यापासून रोज बूट पुसून ठेवतात. पाठवू का? – एक वाचक, औंध

उत्तर : आत्ता, ऑगस्ट २०२०मध्ये, नको. पासष्टीच्या पुढच्यांनी आणि मधुमेह असलेल्यांनी घरी राहावं असं केंद्राचं सांगणं आहे, आणि पुण्याचे करोनाचे आकडे अजून चढते आहेत. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर करोनासाठी तात्पुरतं जंबो रुग्णालय उभं राहतंय ते उगाच नाही.

बूट पुसण्याचं वाचून मला भरून आलं. मी ६७ वर्षांची आहे, माझी बॅग मार्चपासून पॅसेजमध्ये उभी आहे. बाबांना सांगा, मी पण गेलेले नाही. अठरा होल म्हणजे आठ-दहा किलोमीटरचं चालणं होतं. ते एकदम सुटलं की साखर चढते आणि पाय बारीक होतात. पहाटे कोणी नसताना गच्चीवर अर्धा तास त्यांना चालू द्या, तेच बूट घालून. मी दिवाणखान्यात सतरंजी अंथरून स्टीलचा पेला आडवा ठेवते आणि रोज पन्नास पट मारते. सतरंजीवर चेंडू ग्रीनपेक्षा (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीपेक्षा) हळू जातो, पण मनगट सरळ राहतं.

प्रश्न : डॉक्टर बाई, मी बावीस वर्षं कॅडीचं काम करतो. मार्चपासून कमाई बंद होती, आता परत बोलावलंय. मास्क लावून बॅग घेऊन चढावर दम लागतो. साहेब लोक मास्क काढून जवळ येतात, कुठला क्लब घेऊ विचारतात. घरी एकच खोली, म्हातारी आई आहे. काय काळजी घेऊ? – एक कॅडी, पुणे

उत्तर : दादा, या तीन पत्रांत सर्वांत महत्त्वाचं पत्र तुमचं आहे.

मैदानावर अंतर मोजताना सगळे खेळाडू मोजतात. चार जण, लांब लांब, उघडी हवा, म्हणून सुरक्षित. पण चार खेळाडू आणि चार कॅडी म्हणजे आठ माणसं. माझ्या कॅडीने अकरा वर्षं माझी बॅग उचलली. पटची रेषा बघताना आम्ही दोघं एकदमच वाकायचो, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा, आणि 'उजवीकडे एक कप' (होलच्या एका रुंदीइतकं उजवीकडे) हे तो माझ्या कानाशी सांगायचा. आता तसं चालणार नाही. रेषा दोन हात लांबून, बोटाने दाखवा. अंतराचे यार्ड मोठ्याने सांगा. बॅग खाली ठेवा आणि चार पावलं मागे या. क्लब साहेबांनी स्वतः काढायचा, स्वतः पुसायचा. टॉवेल ज्याचा त्याचा. चढावर दम लागला तर थांबा. आसपास कोणी नसेल तर मास्क जरा खाली घेऊन श्वास घ्या, मग पुढे चला.

हे तुम्ही साहेबांना सांगणं किती अवघड आहे ते मला कळतं, म्हणून खेळणाऱ्यांना मीच सांगते. चौदा क्लब न्यायलाच हवेत असं नाही, सात न्या, बॅग निम्मी हलकी होते. कॅडीशी बोलण्याआधी मास्क वर घ्या. कॅडीचा मास्क भिजला तर तुमच्या पिशवीतला कोरडा त्याला द्या. आणि कॅडी तापामुळे आला नाही तर त्या दिवसाचे पैसे द्या, नाहीतर तो गोळी घेऊन कामावर येईल. मी एप्रिलपासून माझ्या कॅडीला दर शनिवारी दोन राउंडचे पैसे पाठवते.

दादा, घरी गेल्यावर आधी हात-तोंड साबणाने धुवा, कपडे बदला, मग आईजवळ जा. जेवण वेगवेगळ्या वेळी करा, झोपताना आईला खिडकीच्या बाजूला झोपवा. ताप, खोकला किंवा वास जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी महापालिकेच्या केंद्रावर जा. तिथे सध्या (ऑगस्ट २०२०) करोनाच्या तपासणीचे पैसे पडत नाहीत.